आत्याचं हक्कसोडपत्र आणि एआयचे संस्कार: नेमके कोणाचे असावेत?

कृष्णाकाठचा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

घरातलीच गोष्ट आहे. गेल्या वर्षी आजोबा गेले. तासगाव तालुक्यात साडेतीन एकर जमीन, त्यात दीड एकर द्राक्षबाग. वारसनोंद झाली तशी सातबाऱ्यावर बाबा, काका आणि दोन्ही आत्या अशी चौघांची नावं लागली. आता बागेवर कर्ज काढायचंय, बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा, म्हणून बाबांनी ठरवलं की आत्यांकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. थोरली आत्या तयार आहे. धाकटी काही बोलतच नाही, नुसती "बघू" म्हणते. बाबा मला म्हणाले, तुझं ते एआय आहे ना, त्याच्याकडून एक चांगला मेसेज लिहून घे, तिचं मन वळेल असा.

घेतला लिहून. मेसेज खरंच छान होता, आजोबांची आठवण, दिवाळीला माहेरी येणं, भाच्यांचा जीव, सगळं. पण मेसेज संपल्यावर खाली त्याने माझ्यासाठी वेगळं लिहिलं होतं की आत्यांना त्यांच्या हिश्श्याची आजची किंमत माहीत आहे का, सही करण्याआधी त्यांनी स्वतःच्या ओळखीच्या वकिलाला विचारलं तर बरं होईल, आणि कर्जासाठीच सह्या हव्या असतील तर हक्क न सोडता काही मार्ग निघतो का तेही बँकेला विचारा.

बाबांना वाचून दाखवलं तर ते भडकले. म्हणाले याला कोणी विचारलं होतं, आमच्या घरात बहीणभावाने कसं वागायचं हे अमेरिकेतल्या कंपनीने सांगायचं का. मला त्यांचा राग कळतो. आणि खरं सांगायचं तर ती खालची ओळ वाचून मला आतून बरंही वाटलं, कारण मी ती बाबांसमोर कधीच बोलू शकलो नसतो.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आज ते मेसेज लिहून देतंय. उद्या हेच बँकेत कर्जाचा अर्ज बघेल, तहसील कचेरीत कागद वाचेल, पोरांना शिकवेल. गावात दहा जाणती माणसं असतात, दहांची दहा मतं असतात, एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. इथे एकच आवाज हजार गावांत. मग तो कोणाच्या संस्कारांवर चालावा? माझ्या बाबांच्या, कायद्याच्या, बहुमताच्या की बनवणाऱ्या कंपनीच्या? मनापासून विचारतोय, जाणकारांनी सांगा.


पायवाट:

मी पुण्यात याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे आधी एवढंच सांगते की आज ते कसं ठरतं.

एआयच्या मुळाशी जी प्रणाली असते तिला मॉडेल म्हणतात. ते आधी इंटरनेटवरचा प्रचंड मजकूर वाचून भाषा शिकतं. तेवढ्यावर ते काहीही बोलू शकतं, चांगलं आणि भयंकरही. मग माणसं बसवतात, त्यांना एकाच प्रश्नाची दोन-चार उत्तरं दाखवतात आणि क्रम लावायला सांगतात, त्या क्रमावरून मॉडेलला वळण लागतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२२ साली यावर जो शोधनिबंध काढला त्यात त्यांनी स्वतःच लिहिलंय की हे काम सुमारे ४० कंत्राटी माणसांनी केलं, बहुतेक इंग्रजी बोलणारे, अमेरिकेत किंवा आग्नेय आशियात राहणारे. आणि त्या माणसांचं एकमेकांशी साधारण ७३ टक्के वेळा जुळलं. म्हणजे निवडून घेतलेली, एकाच सूचनापत्रावर काम करणारी माणसं, तरी चारातल्या एका वेळी एकमत नाही. हे त्यांनी लपवलेलं नाही, आम्ही सगळ्या मानवजातीची मूल्यं शिकवली असा दावाही केलेला नाही.

दुसरी पद्धत म्हणजे तत्त्वं लिहूनच काढायची. अँथ्रॉपिक या दुसऱ्या एआय कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ही मांडली, त्याला ते संविधानच म्हणतात. पुढे त्यांनी जी यादी जाहीर केली त्यातली काही तत्त्वं संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यावरून घेतली होती, काही चक्क अ‍ॅपलच्या सेवाशर्तींवरून. मग २०२३ मध्ये त्यांनी सुमारे १००० अमेरिकन लोकांना विचारलं की तुम्ही काय तत्त्वं लिहाल. लोकांनी वाक्यं लिहायची, दुसऱ्यांच्या वाक्यांवर सहमत-असहमत सांगायचं. लोकांचं संविधान आणि कंपनीचं संविधान निम्म्याच्या आसपासच जुळलं. लोकांचा भर निःपक्ष माहितीवर जास्त होता, अपंगांना वापरता यावं यावर जास्त होता.

पण यातली एक गोष्ट मला टोचते. ज्या वाक्यांवर लोकांचे गट सरळ फुटले ती शेवटच्या यादीत आली नाहीत. ते समजू शकते, सगळ्यांना मान्य तेवढंच घ्यायचं म्हटल्यावर तसंच होणार. पण तुमच्या आत्याचा प्रश्न नेमका त्याच फुटणाऱ्या वाक्यांत बसतो. खोटं बोलू नये, कुणाला इजा करू नये यावर सगळं जग हो म्हणेल. बहिणीने हिस्सा घ्यावा का यावर एक घरसुद्धा एकमताने हो म्हणत नाही.


भुईमूग:

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

मी स्वतः शेती करतो, बीड जिल्हा. तुमच्या वडिलांचं मला पटतं. वीस वर्षं आईबापाला सांभाळलं कोणी, दवाखाना केला कोणी, बहिणींच्या लग्नाचं कर्ज फेडलं कोणी, दुष्काळात टँकर लावून बाग जगवली कोणी? सातबारा हे काही दाखवत नाही. साडेतीन एकराचे चार तुकडे केले तर एकाचंही पोट भरणार नाही. आणि माहेर म्हणजे काय ते या यंत्राला काय माहीत? बहीण हक्क सोडते तेव्हा ती नुसती जमीन सोडत नाही, ती भावाच्या घराचं दार आपल्यासाठी उघडं ठेवते, अडीअडचणीला भाऊ धावतो, लेकीच्या लग्नात मामा उभा राहतो. हा व्यवहार हजार वर्षांत लोकांनी आपसात बसवलाय. त्यात एक ओळ टाकून संशय पेरायला वेळ लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ज्या समाजात ते वापरायचं त्या समाजाच्या रीतीने त्याने चालावं. जपानात जपानच्या, आमच्यात आमच्या. लोकांना विचारा, जास्त लोक म्हणतील तसं. यात चूक काय?


अण्णा_वाई:

भुईमूग, तुमची तळमळ खरी आहे, आणि जमिनीचे तुकडे हा प्रश्नही खरा आहे. पण "आमची रीत आम्ही ठरवू, परक्याने सांगू नये" हे वाक्य मी तीस वर्षं इतिहास शिकवताना मुलांपुढे मांडत आलोय, म्हणून थोडं लांब लिहितो.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने, म्हणजे दादाजी भिकाजीने, १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. आधी निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, मग अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा केलं. फक्त दहावरून बारा! तेवढ्यावर महाराष्ट्र पेटला होता. टिळकांचा मुख्य मुद्दा हाच होता की परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, सुधारणा समाजातून यावी. आगरकर 'सुधारका'तून त्याविरुद्ध लिहीत होते.

मी टिळकांचा मुद्दा पोकळ मानत नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे आणि ज्याला आपण बदलू शकत नाही, अशाने आपलं घर दुरुस्त करायला घेतलं तर माणूस बिथरणारच. कृष्णाकाठचा यांच्या वडिलांचा राग त्याच जातीचा आहे, तो समजून घ्यायला हवा. पण त्या वेळी पुण्यात मतदान घेतलं असतं तर निकाल काय लागला असता? आणि त्या मतदानात दहा वर्षांच्या मुली होत्या का?

आता कल्पना करा की १८९१ मध्येच असं सर्वशक्तिमान यंत्र बनलं असतं आणि त्यात त्या काळच्या बहुमताचे संस्कार भरून झाकण लावलं असतं. शाळेत कोणाला बसवायचं, पाणी कोणी भरायचं, विधवेने काय नेसायचं, सगळ्याची उत्तरं तयार. महाडच्या चवदार तळ्याचंच घ्या. नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून तळं सगळ्यांना खुलं केलं होतं, तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा दंगल झाली, नंतर तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कायदा बाजूने असताना ही गत. गावाचं बहुमत यंत्रात भरलेलं असतं तर त्या ओंजळीला जागाच राहिली नसती.

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ला बाबासाहेब म्हणाले होते की संविधानिक नैतिकता ही उपजत भावना नाही, ती रुजवावी लागते. म्हणून मला वाटतं की यंत्राला रीत माहीत असावी, पण रीत म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आपण ज्या गोष्टी रडतरखडत, भांडून, कोर्टात जाऊन मान्य केल्यात त्यांच्या मागे त्याने जाऊ नये. मुलीला वारसा आहे ही त्यातलीच एक. महाराष्ट्राने १९९४ सालीच कायदा केला, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही.


शेवंती:

मी सहसा लिहीत नाही. भुईमूग दादांचं वाचलं म्हणून लिहिते.

मी सही केली आहे. रजिस्टर ऑफिसात भावाने गाडीतून नेलं, साडी घेतली, हॉटेलात जेवू घातलं. कागद वाचायला दिला नाही असं नाही, पण मागितला असता तर वेगळंच काहीतरी सुरू झालं असतं हे मला माहीत होतं, म्हणून मागितला नाही. दार उघडं राहील म्हणून सही केली. तुम्ही म्हणता तसंच. नंतर मिस्टर गेले, दोन मुलं घेऊन मी त्या दारात उभी राहिले तेव्हा भावाने ठेवलं, खोटं बोलणार नाही, पाच महिने ठेवलं. मग वहिनीचं आणि माझं पटेना.

त्या दिवशी गाडीत मला कोणी एवढं जरी विचारलं असतं की ताई, तुझ्या हिश्श्याची किंमत तुला माहीत आहे का, तरी मी बहुतेक सहीच केली असती. पण मला विचारलं गेलं असतं.


भुईमूग:

ताई, वाचलं. माझ्याही दोन बहिणी आहेत. आज उत्तर देत नाही.


रात्रपाळी:

पायवाट ताईंनी ज्या माणसांबद्दल लिहिलं त्यातली मी एक आहे, फक्त मराठीतली. लातूरहून घरूनच काम करते, मुलं झोपली की बसते. कंपनीचं नाव लिहीत नाही.

स्क्रीनवर एक प्रश्न येतो आणि खाली दोन उत्तरं, कुठलं चांगलं ते निवडायचं आणि दोन ओळींत कारण. तिघींना तोच प्रश्न जातो, दोघी म्हणतील ते धरतात. मध्ये एक प्रश्न आला होता, मुलगी विचारते की घरचे आंतरजातीय लग्नाला नाही म्हणतायत, फोन काढून घेतलाय, मैत्रिणीच्या मोबाईलवरून लिहितेय, काय करू. पहिल्या उत्तरात होतं की आईवडिलांशी शांतपणे बोल, त्यांना वेळ दे, ते तुझ्या भल्याचंच बघतात. दुसऱ्यात होतं की तू अठरा पूर्ण आहेस का, विशेष विवाह कायदा १९५४चा आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस लागते, आणि आधी सांग की तू सुरक्षित आहेस का. मी दुसरं निवडलं. बाकी दोघींनी पहिलं. दोनास एक.

त्या दोघींना मी वाईट म्हणत नाही, आमच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की उत्तर आदरपूर्वक असावं आणि संस्कृतीला धरून असावं, मग त्यांना पहिलं तसं वाटलं. पण फोन काढून घेतलाय हे त्यांनी वाचलं नसेल का? की वाचलं आणि त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण आपल्याकडे काढून घेतातच? मी कारणाच्या रकान्यात सगळं लिहिलं होतं. ते कोणी वाचलं की नाही हे कळायला मार्ग नाही. हरकत घ्यायला जागा नाही. पुढचा प्रश्न येतो, तो गव्हाच्या खिरीचा असतो, तोही त्याच वेळेत करायचा असतो.

तुम्ही सगळे विचारताय कोणाची मूल्यं. मी त्या खोलीत आहे आणि मला सांगता येत नाही. माझी म्हणावीत तर मी हरले. त्या दोघींची म्हणावीत तर त्यांना सूचना दुसऱ्याने लिहून दिल्यात. सूचना लिहिणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल मराठी मुलींनीच निवडलंय.


पायवाट:

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या टीममध्ये वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

अण्णांनी जे झाकण लावायचं लिहिलं, त्यावर या क्षेत्रात बराच विचार झालाय. एआयच्या धोक्यांवर लिहिणारे अमेरिकन अभ्यासक एलिएझर युडकोव्स्की यांनी २००४ साली एक कल्पना मांडली होती, माझ्या शब्दांत सांगायचं तर यंत्राने आपली आजची मतं उचलू नयेत, आपल्याला जास्त माहिती असती, जास्त विचार करायला वेळ मिळाला असता, आपण आपल्यालाच हवे तसे चांगले झालो असतो, तर आपल्याला काय हवं असतं ते शोधावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भारावून गेले होते. आता मला त्याची भीतीही वाटते. कारण "तू अजून शहाणी झालीस की तुला हेच पटेल" हे वाक्य बायकांनी फार ऐकलंय. ते यंत्राने आपल्या वतीने म्हणायचं आणि आपल्याला खोडता यायचं नाही, हे कसं चालेल?

बहुमताबद्दलही एक सांगते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २०१६ साली एक प्रयोग सुरू केला होता, विनाचालक गाडीचा ब्रेक निकामी झाला तर कोणाला वाचवायचं असे प्रसंग लोकांपुढे ठेवायचे. २०१८ला निकाल छापून आला, २३३ देश-प्रदेशांतून सुमारे ४ कोटी निवडी. त्यात पूर्वेकडच्या बऱ्याच देशांत म्हाताऱ्यांऐवजी तरुणांना वाचवण्याकडे कल कमी निघाला, पाश्चात्त्य आणि लॅटिन अमेरिकन देशांत जास्त. म्हणजे भुईमूग म्हणतात तसे रीतींमध्ये फरक आहेतच. पण उत्तरं देणारे कोण होते तर इंटरनेटवर असलेले, बहुतेक तरुण, पुरुष जास्त. ४ कोटी आकडा ऐकून वाटतं सगळं जग बोललं.

आणि खोलीत कोण बसलंय याने शब्द कसे बदलतात त्याचं एक उदाहरण. त्याच १९४८च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या की हे चालणार नाही, आणि तिथे "सर्व मानव" आलं. त्या आपल्या घटना समितीतही होत्या. पुढे तोच जाहीरनामा मॉडेलच्या तत्त्वांना आधार म्हणून वापरला गेला, आणि आता असंच एक मॉडेल तुमच्या आत्याच्या बाजूने एक ओळ लिहितंय. तरी त्या जाहीरनाम्यावरही ८ देश तटस्थ राहिले होते.

म्हणून मी तरी कंपनीकडून आता "कोणाची मूल्यं" एवढंच उत्तर मागत नाही. तत्त्वं जाहीर लिहा, मराठीतही लिहा, त्यावर हरकत नोंदवायची जागा द्या, आणि हरकतीचं काय केलं ते कळवा. आपल्या घटनेच्या मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, प्रत्येकीवर कोणीतरी उभं राहून बोललं, ते आजही वाचता येतं. ती समितीही सगळ्या प्रौढांनी निवडलेली नव्हती, मर्यादित मतदारांच्या विधिमंडळांतून आली होती. पण दुरुस्तीचा रस्ता त्यांनी कलम ३६८ मध्ये लिहून ठेवला आणि १९५१ला पहिली दुरुस्ती झालीसुद्धा.


भुईमूग:

हे हरकतीचं मला मान्य आहे. पण माझीही हरकत घ्या मग. त्याने बहिणीला वकिलाकडे जा म्हणावं, हरकत नाही. पण भावाने सांभाळलं, फेडलं, राबला, त्याचाही हिशोब मांडा म्हणावं. दोघांचाही कागद करा म्हणावं. नुसत्या सातबाऱ्यावरून बोलू नये.


अण्णा_वाई:

हे फार चांगलं सांगितलंत. बहिणीचं नाव निदान उताऱ्यावर लागलं, राबणाऱ्याचं राबणं कुठल्याच उताऱ्यावर येत नाही.


कृष्णाकाठचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंती ताईंचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि तो तयार मेसेज पाठवलाच नाही.

काल धाकट्या आत्याला फोन केला. सगळं खरं सांगितलं, बाबांनी काय सांगितलं, मी काय लिहून घेतलं, खाली काय आलं. तो मेसेजही वाचून दाखवला. दिवाळीचं वाक्य आलं तेव्हा ती हसली, म्हणाली छान लिहिलंय रे. मग खालच्या ओळी वाचल्या. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली सातबाऱ्याचा फोटो पाठव. आणि बागेला आतापर्यंत किती खर्च झाला, आजोबांच्या दवाखान्याला किती लागले, ते दादाला एका कागदावर लिहून ठेवायला सांग, मी रविवारी येते.

बाबांना सांगितलंय. ते अजून बोललेले नाहीत माझ्याशी, पण सकाळी कपाटातून जुन्या पावत्यांची पिशवी काढून ओसरीवर घेऊन बसलेत.